पानं मी वाटली, गोळ्या मी खाल्ल्या

माझ्या डाव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट कापावं लागलं. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "कसं काय झालं?" मी सांगत आलो, "शुगर." एवढं ऐकलं की समोरचा मान हलवतो, चहा पितो आणि उठून जातो. पुढचं कुणी विचारत नाही. मीही सांगत नव्हतो.

आता जखम भरली आहे. चालताना तोल थोडा बाहेरच्या बाजूला जातो, त्याची सवय होत आली आहे. हे लिहायला बसलोय ते, ज्यांनी माझ्या दारातून इन्शुलिनच्या झाडाची पानं नेली त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या अंगणात अशी एखादी कुंडी आहे त्यांच्यासाठीही. मी डॉक्टर नाही. काय खावं, काय सोडावं हे तुमचे डॉक्टर सांगतील. मी कसा वागलो एवढंच मला सांगता येईल. आणि ते आता सांगितलं नाही तर राहूनच जाईल.

दोन्ही एकदम

जालन्यात बियाण्याच्या कंपन्या पुष्कळ. त्यातल्या एका छोट्या कंपनीत मी आयुष्यभर फील्ड सुपरवायझर होतो. आमच्या कामाचा एक साधा नियम. नवीन वाण तपासायचं असलं की त्याच्या शेजारी जुनं, पारखलेलं वाण लावायचं. त्याला आम्ही 'चेक' म्हणायचो. जमीन तीच, पाणी तेच, खत तेच, फरक फक्त वाणाचा. एकदा एका नव्या सुपरवायझरनं नव्या वाणाला लाडानं जास्तीचं खत टाकलं होतं. पीक कमरेच्या वर गेलं. मी त्याला सगळ्या मजुरांसमोर झापलं, "आता हे वाणानं आलं का खतानं, कसं सांगशील? उपटून टाक सगळं." त्यानं उपटलं. बिचारा रडवेला झाला होता.

निवृत्तीनंतर मला शुगर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्याच आठवड्यात कंपनीतल्या एका जुन्या मित्रानं इन्शुलिनच्या झाडाचा कंद आणून दिला. "रोज एक पान चावून खा," म्हणाला. पान जाडसर, चवीला आंबट. मी गोळीही घ्यायला लागलो आणि पानही खायला लागलो. दोन्ही एकदम. पुढच्या तपासणीत शुगर बरीच खाली आली.

त्यानंतर एका सकाळी फिरायच्या मैदानावर कुणीतरी विचारलं, "गाडेकर, शुगर कशानं उतरली हो?" मी म्हणालो, "घरच्या झाडाचं पान खातो रोज."

गोळीचं नाव मी घेतलं नाही. ते विसरलो असं नाही. गोळी सगळेच खातात, तिच्याबद्दल कोण काय विचारणार? पानाचं नाव घेतल्याबरोबर चार जण चालायचे थांबले. कंपनी सुटल्यापासून माझं ऐकायला कुणी असं थांबलं नव्हतं.

महिनाभरात आमच्या दारात सकाळी माणसं यायला लागली. कंद लावायचे, सावलीत ठेवायचे, पाणी साचू द्यायचं नाही, हे सगळं मला जमायचं. नवीन जालन्याच्या उन्हातही माझ्या कुंड्या हिरव्यागार असायच्या. लोक पानं न्यायचे आणि प्रश्न विचारायचे. कढीपत्ता पिवळा का पडतो? जखम भरत आली की खाजते का? चिंच संध्याकाळी पानं मिटते, तिला झोप लागते का? मला येईल ते सांगायचो, येणार नाही तेही सांगायचो. आमच्याच गल्लीतल्या गोदाबाईंनी एकदा विचारलं, "दादा, पान तर आंबट हाय, मंग शुगरला काय करतं?"

मी म्हणालो, "आंबटच गोडाला मारतं, मावशी."

हे काही शास्त्र नाही, हे मला ती ओळ तोंडातून निघतानाच माहीत होतं. गोदाबाईंनी ती गल्लीभर सांगितली.

गोळ्या मी स्टेशनजवळच्या मेडिकलमधून आणायला लागलो, तिथं ओळखीचं कुणी येत नाही म्हणून. पट्टी चष्म्याच्या डबीत ठेवायचो. निर्मलाला, माझ्या बायकोला, हे ठाऊक होतं. एकदा ती म्हणाली, "लोकांला सांगा ना गोळीचं बी. उगा कुणाचं काही व्हायचं." मी म्हणालो, "पानानं कुणाचं काय होतंय?" पानानं काही होत नव्हतं, हे खरंच होतं.

हमीदभाई

हमीदभाईंचं जुन्या जालन्यात मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं दुकान. कंपनीच्या विहिरींवरच्या मोटारी जळाल्या की मी त्यांच्याकडे न्यायचो, तेव्हापासूनची दोस्ती. जळक्या मोटारीचा वास घेऊन ते सांगायचे, पाणी शिरलं का व्होल्टेजनं गेली. माझ्याहून थोडे लहान. शुगर त्यांना माझ्या आधीपासून होती, आणि गोळ्यांचा त्यांना मनापासून कंटाळा.

एका सकाळी ते कुंडी न्यायला आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "गाडेकरसाब, सच बताव. तुमच्या गोळ्या चालू हैत का बंद?"

निर्मला आत चहा टाकत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

मी म्हणालो, "माझ्या तरी बंद आहेत."

"बिलकुल बंद?"

"बिलकुल."

"मग मी बी बघतो बंद करून," ते हसले. "तुमच्यावर भरोसा हाय. कंपनीचा माणूस."

मी "डॉक्टरला विचारा" असं काहीतरी पुटपुटलो. ते कुंडी स्कूटरच्या पायाशी ठेवून निघून गेले. निर्मलानं चहा एकाच कपात आणून माझ्यासमोर आदळला.

पुढची गोष्ट आणखी लाजिरवाणी आहे. माणसं रोज इतकं कौतुक करायची की हळूहळू मलाच वाटायला लागलं, कदाचित खरंच पानानं होत असेल. गोळ्या संपल्या तेव्हा मी स्टेशनकडे गेलोच नाही. स्वतःचंच खोटं स्वतः गिळलं. चेक नसलेल्या प्लॉटवर आयुष्यभर हसलेला माणूस मी.

फरशीवरचे ठसे

पायांना मुंग्या येत होत्या, मग त्याही थांबल्या. मला वाटलं बरं झालं. एका दुपारी मी कुंड्यांना पाणी घालून आत आलो आणि निर्मला म्हणाली, "अहो, हे कुंकू सांडलं का काय?"

दारापासून माझ्या खुर्चीपर्यंत फरशीवर लाल ठसे होते. माझ्याच डाव्या पायाचे. दारात काढलेली चप्पल उलटी केली तर तिच्या तळातून, बोटाच्या जागी, खिळा आरपार गेला होता. कधी घुसला कुणास ठाऊक. सकाळपासून मी त्याच्यावर उभा होतो आणि मला कळलं नव्हतं. निर्मला खाली बसून पाय धुवायला लागली. बोट काळसर निळं झालं होतं, वास येत होता. म्हणजे जखम त्या दिवसाची नव्हतीच. तिनं पदर नाकाला लावला, मग लाज वाटून लगेच काढला.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते, सौम्य बोलणारे. शुगरचा आकडा बघून त्यांनी विचारलं, "काका, गोळ्या नियमित चालू आहेत ना?"

"आहेत," मी म्हणालो.

"मग गोळ्या काम करत नाहीयेत असं दिसतंय. आपण..."

"न्हाई चालू," निर्मला म्हणाली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं मला परक्या माणसासमोर कधी खोटं पाडलं नव्हतं. "कवाच्याच बंद हैत. झाडाचा पाला खाऊन राह्यले. अन् लोकांला बी वाटून राह्यले."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे पाहत राहिलो. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "बोट वाचणार नाही," ते म्हणाले, "पाय वाचवायचा प्रयत्न करू."

वॉर्ड

ज्यांना अशा वॉर्डात राहायची वेळ येईल त्यांना दोन गोष्टी सांगतो. भीती ऑपरेशनच्या आधी जास्त असते, नंतर कमी. आणि ड्रेसिंगच्या वेळी जखमेकडे एकदा बघून घ्यावं. मी पहिले काही दिवस पंख्याकडे बघायचो, आणि न बघितलेली जखम डोक्यात वाढत जायची. मग एका सिस्टरनं बळंच मान खाली करायला लावली. "बघा काका, लाल दिसतंय ना? लाल म्हंजे चांगलं. जिवंत हाय." त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

सकाळी बोटाला सुई टोचून साखर तपासायची, मग इंजेक्शन, मग बिनसाखरेचा चहा. शेजारच्या खाटेवरचे मंठा गावचे एक गृहस्थ रोज त्या चहाला शिव्या घालायचे. "हा चहा न्हाई, गरम पाण्याला चहाची शप्पथ घातली नुसती." हसलो की पाय ठणकायचा, तरी हसायचो. मुलगा पुण्याहून येऊन गेला. जाताना त्यानं माझ्या गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून उशाशी ठेवल्या. आईनं सांगितलं असणार. तो कागद मला सुईपेक्षा जास्त टोचला.

ऑपरेशननंतर हमीदभाई भेटायला आले.

मी त्यांना पटकन ओळखलंच नाही. गालफडं बसलेली, शर्ट खांद्यावरून लोंबत होता. बसल्याबसल्या त्यांनी माझ्या उशाशी ठेवलेली पाण्याची बाटली उचलली आणि संपवली. मग म्हणाले, "माफ करना. आजकाल गला सूखता बहोत." थोड्या वेळानं उठून बाथरूमला गेले, परत आले, परत पाणी मागितलं. पिशवीतून त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं काढली.

"तुमच्याच झाडाची. मला वाटलं, इथं कोण देतंय तुम्हाला पान. म्हनून पाय लवकर भरून न्हाई राह्यला."

निर्मला खिडकीशी उभी होती. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी नजर पानांकडे वळवली.

"तुम्ही बारीक झालात," मी म्हणालो.

"हां, शुगर उतरली ना. वजन बी उतरलं. मोटारीची तार आता नीट दिसत न्हाई, चष्मा बदलायला पाहिजे." ते हसले. "गोळ्यांची कटकट तर गेली."

त्या वेळी मी सांगायला हवं होतं. तहान, लघवी, वजन, नजर. त्यांच्या अंगात काय चाललंय हे मला कळत होतं; माझ्याच अंगात ते होऊन गेलं होतं. एक वाक्य लागलं असतं: हमीदभाई, मी गोळ्या घेत होतो. तोंड उघडलं आणि म्हणालो, "एकदा डॉक्टरला दाखवून घ्या."

"दाखवू, दाखवू. तुम्ही आधी उभे राहा." माझ्या चांगल्या पायावर हलकेच थोपटून ते गेले.

निर्मलानं ती पानं कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि म्हणाली, "त्या माणसाला तुम्ही सांगता का मी सांगू?"

"घरी गेल्यावर सांगतो. निवांत बसून. इथं सगळ्यांसमोर..."

"सगळ्यांसमोरच तर थापा मारल्या."

मंठ्याच्या गृहस्थांनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. आम्हाला एकटं सोडायची वॉर्डातली हीच रीत.

"उद्या फोन करतो," मी म्हणालो. उद्या केला नाही. निर्मलानं केला तर हमीदभाई म्हणाले, "भाभी, थोडा बुखार हाय, बाद में बोलतो." तिनं तेवढ्यावर सोडलं. त्याबद्दल ती आजही स्वतःला बोल लावते. मी तिला सांगतो, ते ओझं तुझं नाही. ती म्हणते, "माहीत हाय कोणाचं हाय."

खालच्या मजल्यावर

दोन-तीन दिवसांनी शबानाचा, हमीदभाईंच्या मुलीचा फोन निर्मलाला आला. अब्बू सकाळपासून नीट बोलत नाहीत, काहीच्या बाही बडबडतात, आता उठतही नाहीत. त्यांना याच दवाखान्यात आणलं होतं, खालच्या मजल्यावर.

मी सिस्टरला म्हणालो, मला खाली न्या. त्यांनी डॉक्टरांची परवानगी घेऊन मला चाकाच्या खुर्चीत बसवलं. निर्मलानं ढकललं.

शबाना दाराबाहेर उभी होती. शाळेत शिकवते, समजूतदार पोर. एक डॉक्टर तिला विचारत होते, "शुगरची कोणती औषधं चालू आहेत?"

"चालू असतील ना," ती म्हणाली. "अब्बू स्वतःच घेतात. नाव मला..."

"बंद आहेत," मी म्हणालो. सगळे माझ्याकडे वळले. "पाच-सहा महिने झाले, त्यांनी सगळ्या गोळ्या बंद केल्या आहेत. झाडाची पानं खातात फक्त. माझ्या सांगण्यावरून."

डॉक्टर लगेच आत गेले. शबाना म्हणाली, "चाचा, पण तुमची शुगर त्याच पानानं..."

"नाही. मी गोळ्या घेत होतो. लपवून. त्यांना सांगितलं बंद आहेत म्हणून."

तिला ते लगेच समजलं नाही. समजलं तेव्हा ती एक पाऊल मागे सरकली. ओरडली नाही. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं," एवढंच म्हणाली आणि आत गेली. दार तिच्यामागे आपोआप मिटलं. निर्मलानं खुर्ची वळवली.

हमीदभाई वाचले. साखर फार चढून अंगातलं पाणी आटलं होतं, त्यात ताप. मूत्रपिंडांना धक्का बसला तो कायमचा. नजर थोडी सुधारली, पण बारीक तार आता त्यांना दिसत नाही. दुकानात दुसरा कारागीर बसतो. डॉक्टरांनी मला सांगितलं की डोळ्यांचं सगळं याच महिन्यांत झालेलं नसतं, जुनी शुगर होती. लोक ते वाक्य मला समजूत म्हणून ऐकवतात. मी ते स्वतःला ऐकवत नाही.

ते शुद्धीवर आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. ते छताकडे बघत ऐकत होते. संपल्यावर त्यांनी विचारलं, "मी वॉर्डात आलो होतो, पानं घेऊन. तवा बी नाही बोलले?"

"नाही."

"पानी पीत होतो तुमच्यासमोर."

"हो."

"अच्छा," ते म्हणाले आणि कूस बदलली.

घरोघर

घरी आल्यावर कुबडी घेऊन मी सकाळी पानं नेणाऱ्यांच्या घरी जायला लागलो. प्रत्येकाला तेच सांगायचो: मी गोळ्या घेत होतो, तुम्ही तुमच्या सोडू नका, सोडल्या असतील तर आजच डॉक्टरकडे जा. मला वाटलं होतं लोक शिव्या देतील. दोघांनी दिल्या. एकानं दार लावून घेतलं. बरेच जण मात्र हसून म्हणाले, "जाऊ द्या हो, पान काय वाईट हाय का?" त्यांच्या गोळ्या चालूच होत्या, म्हणून मला हायसं वाटलं.

गोदाबाईंच्या गोळ्या बंद होत्या. त्या ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, "दादा, तुमचं बोट गेलं म्हून तुम्ही घाबरलेत. पान गुणाचं हाय. तुम्हीच सांगितलं, आंबट गोडाला मारतं."

"मावशी, ते मी खोटं सांगितलं होतं."

त्यांनी लसणाची पाकळी टोपलीत टाकली आणि माझ्याकडे बघितलं. "मंग आता खरं सांगून राह्यले, हे कशावरून?"

मी पाय दाखवला. "ते तर खिळ्यानं झालं," त्या म्हणाल्या. दोनदा गेलो, तिसऱ्यांदा निर्मलाला घेऊन गेलो. त्यांच्या सुनेनंही सांगून पाहिलं. त्या ऐकेनात. त्यांची तहान मात्र वाढत चालली होती; शेजारी तांब्या भरून ठेवलेला असायचा.

शेवटी मी जुन्या जालन्यात दुकानावर गेलो. हमीदभाई स्टुलावर बसून कारागिराला काही सांगत होते. मला बघून बोलायचे थांबले. मी आत गेलो नाही, रस्त्यावरूनच सांगितलं की असं असं आहे, एक बाई आहे, माझ्यावर विश्वास ठेवत नाही, तुमच्यावर ठेवेल.

कारागिरानं पंखा कमी केला. हमीदभाईंनी चप्पल आतून हात फिरवून तपासली, पायात घातली, आणि बाहेर आले. ऑटोत आम्ही शेजारी बसलो. वाटेत ते रस्त्याकडे बघत होते.

गोदाबाईंसमोर ते बसले आणि म्हणाले, "आपा, मला बघा. ह्यांच्या शब्दावर गोळी सोडली. आता डोळा गेल्यातच हाय. किडनीसाठी मीठ बंद, पानी मोजून. पान मी बी रोज खाल्लं, एक दिवस खाडा न्हाई केला." त्यांनी सदऱ्याची बाही वर करून हात पुढे केला. सलाईनच्या सुयांचे काळे डाग अजून होते. "हात लावून बघा."

गोदाबाईंनी लसणाचा हात पदराला पुसला आणि त्या हाताला लावला. मग उठून आत गेल्या. आतून सुनेला म्हणाल्या, "चप्पल कुठं हाय माझी? दवाखान्यात जायचंय."

आम्ही रस्त्यावर आलो. मी म्हणालो, "हमीदभाई, मेहेरबानी."

"त्यांच्यासाठी आलो," ते म्हणाले.

एक ऑटो थांबला. ड्रायव्हरनं वाकून विचारलं, "दोघं सोबत का, काका?"

"नहीं," हमीदभाई म्हणाले. "अलग अलग."